आत्याच्या गळ्यात पडलेला मासा

माझ्या आत्याला मासे आवडत नसत. ना ताटात, ना काचेच्या पेटीत. "जो प्राणी पापणी मिटत नाही, त्याच्याशी नजर कशी मिळवायची?" असं ती म्हणायची. आणि त्याच आत्याच्या आयुष्याची शेवटची नऊ वर्षं एका माशाच्या खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून गेली. हा मासा तिने आणला नव्हता, कुणाकडे मागितलाही नव्हता. हौस माझ्या बाबांची. गळ्यात पडला तो हिच्या.

आत्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. एकतीस वर्षं एकाच खोलीत. खोली तळघरात, खिडकी नाही, दारावर तांबडा दिवा. दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची आणि प्रत्येकाला ती एकाच सुरात सांगायची, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." कुणी हललं तर परत. लहान मूल असलं तर शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून त्याला स्वतः धरून उभी राहायची. तरुणपणी तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "त्या किरणांनी पुढे मूलबाळ व्हायला काही अडचण नाही ना?" आत्या म्हणाली, "तुमच्या मुलाच्या डोक्याची फिल्म काढून बघू या का आधी? पैसे नको." तिथेच ते मोडलं. पुन्हा तिने तो विषय काढू दिला नाही.

मी कॉलेजात असताना माझी आई गेली. तेव्हा आत्या एक बॅग घेऊन आठ दिवसांसाठी आमच्याकडे आली ती कायमचीच. बाबा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. तिला ते 'ठमे' म्हणायचे, आणि एवढ्या कडक बाईला ठमे म्हणायची हिंमत जगात त्यांच्या एकट्याचीच होती.

बाबा फ्रीज, कूलर, शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचे. हात असा की बंद पडलेली मोटर त्यांनी नुसती थोपटली तरी घरघरायला लागायची. पन्नाशी उलटल्यावर त्यांना समुद्री माशांचं वेड लागलं. हॉलच्या भिंतीला लागून त्यांनी सात फूट लांबीची जाड काचेची टाकी बसवली, खालचा लोखंडी सांगाडा स्वतः वेल्ड केला, आणि पाणी गार ठेवायला भंगारातल्या एका वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर जोडला. बाराशे लिटर पाणी. आम्ही तळमजल्यावर राहत होतो म्हणून निभावलं; नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर समुद्र कोसळला असता.

मग तो मासा आला. एंजलफिश. आला तेव्हा माझ्या करंगळीएवढा होता. गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळं, एकात एक. वर्ष-दीड वर्षाने ती वर्तुळं तुटायला लागली. कडेने पिवळ्या रेघा उमटल्या, डोळ्यांवर काळा पट्टा आला. आत्याला वाटलं रोग झाला. बाबा हसून म्हणाले, "रोग कसला ठमे? मिसरूड फुटतंय त्याला."

वाढता वाढता तो दीड वीत झाला. सोबतच्या दोन माशांना त्याने धडका मारमारून संपवलं, तेव्हापासून एवढ्या टाकीत एकटाच. चारा द्यायला उशीर झाला की अंगातून ठक् असा आवाज काढायचा. शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. त्याला कोळंबी बारीक चिरून लागायची, समुद्री शेवाळ लागायचं, पाणी एवढंच खारट आणि एवढंच गार लागायचं. बाबांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "माझ्या मुलीने जावई आणला नाही," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "म्हणून मीच आणला. हुंड्यात समुद्र मागितला लेकाने." मी तेव्हा दुसऱ्या शहरात एका शाळेत गणित शिकवायला लागले होते. सुट्टीला घरी आले की आधी जावईबापूंची विचारपूस करावी लागे.

बाबा एकसष्ट वर्षांचे असताना एका शीतगृहात काम करता करता खाली बसले आणि उठलेच नाहीत. तिथल्या माणसांना वाटलं दमलेत. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. उजवं अंग गेलं. वाचा गेली. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, दुखत असलं तरी बरं, रडतानासुद्धा बरं, बरं. दीड महिना इस्पितळात काढला, पण ते कुणाकडे बघत नव्हते. मी समोर उभी राहिले तर नजर माझ्यातून आरपार भिंतीवर जायची.

घरी आणायच्या आधी मी आणि आत्याने ठरवून टाकलं होतं की मासा द्यायचा. मी मासेवाल्याशी बोललेही होते. हा मासेवाला म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान असलेला, बाबांचा जुना दोस्त. मीठ, चारा, औषधं सगळं त्याच्याकडूनच यायचं. तो म्हणाला, "आणतो टब घेऊन, दोन दिवसांत नेतो."

बाबांची कॉट हॉलमध्ये टाकली, कारण चाकाची खुर्ची आतल्या दारातून जात नव्हती. त्यांना उशीला टेकवून बसवलं. मासा टाकीच्या त्या टोकाला होता. तो वळला आणि सरळ काचेच्या या कोपऱ्यात, बाबांच्या समोर येऊन थांबला. बाबांची मान हलली. मासा डावीकडे गेला, त्यांचे डोळे डावीकडे गेले. मासा दगडाच्या मागे गेला, तर ते तो बाहेर येईपर्यंत दगडाकडे बघत राहिले.

"बरं," बाबा म्हणाले.

आत्या हातातलं औषध तसंच धरून उभी होती. मग म्हणाली, "मासेवाल्याला नाही म्हणून कळव."

अशी ती त्या धंद्यात पडली. बाबांची एक वही होती, तेलाच्या डागांची, त्यात सगळं लिहिलेलं. आत्याने ती दोनदा वाचली आणि बाबांच्या दोन चुका काढल्या. पंधरवड्याला दीडशे लिटर पाणी बदलायचं. आधी गाळलेल्या पाण्यात मीठ घालून ते दिवसभर फिरवत ठेवायचं, मग खारटपणा मोजायच्या नळीत थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचं. आयुष्यभर फिल्मा उजेडाला धरलेली बाई; तिचा आकडा कधी चुकला नाही. इस्पितळातून दुपारी चारला यायची, आधी बाबांची कूस बदलायची, अंग पुसायची, मग टाकीची काच पुसायची. फोनवर मला म्हणायची, "दोघं तोंड वासून बसलेले असतात. आभार एकालाही मानता येत नाहीत."

मासा तिला चावायचा. एकदा दगड सरळ करताना त्याच्या गालावरचा काटा तिच्या तळहातात घुसला. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पुन्हा तिने हात पाण्यात घातला.

पण त्याचा उपयोग झाला, हे खोटं नाही. व्यायाम करून घेणारा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा आणि बाबा त्याच्यापुढे दगडासारखे पडून असायचे. आत्याने त्यांची खुर्ची काचेला लावली, त्यांचं उजवं बोट काचेवर टेकवलं. मासा बोटाशी आला. बोट सरकलं की मासा सरकायचा. दीड वर्षात बाबा ते बोट आपलं आपण खांद्याएवढं उचलायला लागले. चमचा तोंडापर्यंत नेऊ लागले. अर्धा सांडायचा, पण न्यायचे.

तिसऱ्या वर्षी मासेवाल्याने एक दगड आणून दिला. मोठा, मधे पोकळ. माशाला लपायला बरा. त्यावर दहा-बारा तपकिरी बटणं होती, पोवळ्यासारखे जिवंत जीव, शर्टाच्या बटणाएवढे, दिवसा फुलासारखे उघडणारे. "शोभेची आहेत मॅडम," तो म्हणाला, "राहू द्या." काही महिन्यांत दहाची शंभर झाली. तिन्ही मोठे दगड त्यांनी भरून टाकले, पंपाच्या जाळीवर चढली, पाण्याचा ओघ मंदावला. मासा एरवी दिवसभर दगड टोकरत फिरायचा. तो दगडांपासून लांब राहायला लागला. त्याचा एक डोळा सुजला. आत्याने सुरीने बटणं खरवडली. खरवडली तिथे दुप्पट आली.

त्या आठवड्यात तिने मला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा माशाबद्दल. तिसरा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते, दोन तासांच्या मधे, एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. आत्या सांगत होती, डोळा कसा आहे, जाळी कशी बंद झालीये. माझ्या मनात आलं, बाबांबद्दल ही एवढं कधी सांगत नाही. मी चिडून म्हणाले, "अगं, दगड बाहेर काढ आणि उकळत्या पाण्यात टाक. काय जगेल त्यात? घंटा झाली, ठेवते."

हे मी बोलले. शब्द न् शब्द मला आठवतो.

त्या रविवारी सकाळी तिने दगड बाहेर काढले. गारठा होता, बाबांना खोकला व्हायला नको म्हणून हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या. मधलं दार तिने उघडं ठेवलं होतं, बाबांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, एकेक दगड त्यात सोडला, वर येणाऱ्या वाफेत वाकून ब्रशने घासला. तास-सव्वा तास लागला. घर वाफेने भरून गेलं. बाबांच्या चष्म्यावर वाफ धरली, ती तिने पदराने पुसली. बाबा म्हणाले, "बरं."

अकराच्या सुमाराला तिच्या तोंडाला कडू चव आली, लोखंड चाटल्यासारखी. बारा वाजता हुडहुडी भरली. दुपारी हातपाय असे दुखायला लागले की तिला बाबांना बसवता येईना. बाबा खोकत होते, थांबतच नव्हते. तिला वाटलं, इस्पितळातून कसला तरी ताप घेऊन आले आणि भावालाही दिला. संध्याकाळी श्वास पुरेना, तेव्हा तिने अँब्युलन्स बोलावली आणि दाराची कडी काढून दाराशीच बसून राहिली.

तिच्याच इस्पितळात नेलं. तिच्याच खोलीत, तिनेच शिकवून तयार केलेल्या मुलीने तिला यंत्रासमोर उभं केलं. "मॅडम, श्वास घ्या. धरून ठेवा." आत्याला तीन सेकंदसुद्धा धरता आला नाही. फिल्म दोनदा हलली. मग बाबांची काढली. आत्या चाकाच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती. दोन्ही फुप्फुसं खालपासून वरपर्यंत पांढरी. कुणी काही सांगायच्या आधी ती त्या मुलीला म्हणाली, "माझ्या भाचीला फोन लाव."

मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. आत्या चौथ्या दिवशी ऑक्सिजनवरून उतरली. बाबा नवव्या दिवशी गेले. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. झटका येऊन गेलेली माणसं अशीच जातात, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेले लोक म्हणाले, सुटले बिचारे. मीही मान हलवली. खरं सांगते, मलाही आतून तसं वाटलं होतं. त्या नऊ दिवसांत मासा मीच सांभाळत होते. इस्पितळातून येऊन कुलूप काढलं की रिकाम्या घरात तो ठक् करायचा. त्याच्या डोळ्याची सूज उतरली होती. दगड स्वच्छ होते. कोळंबी हातातून ओढून घेत होता.

मी परत गेले. आत्या कामावर रुजू झाली.

दोन महिन्यांनी ती मीठ आणायला मासेवाल्याकडे गेली. दोन पिशव्या मीठ काढता काढता त्याने विचारलं, बटणांचं काय केलं? ती म्हणाली, "गेली एकदाची. उकळून काढली."

तो थांबला. "उकळली? कुठे?"

"घरात. कुठे म्हणजे?"

मासेवाला स्टुलावर बसला. मग त्याने सांगितलं. त्या बटणांमध्ये विष असतं. सगळ्यांत नसतं, काही जातींत असतं, आणि बघून कळत नाही. खरवडली तर हाताच्या जखमेतून जातं, उकळली तर वाफेतून. घरंच्या घरं इस्पितळात गेलीत. "मला माहीत होतं मॅडम," तो म्हणाला. "दगड देताना सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही नुसती ठेवणार, हात कशाला लावाल."

आत्या मीठ तिथेच टाकून चालत इस्पितळात गेली आणि बाबांवर उपचार केलेल्या डॉक्टरला गाठलं. तो भला माणूस. त्याने तिला बसवलं, पुस्तकं काढली, दोघांच्या फिल्मा पुन्हा लावून पाहिल्या. शेवटी म्हणाला, "असू शकतं. नसूही शकतं. तुमच्या भावाच्या फुप्फुसांना साधी सर्दीसुद्धा पुरली असती. आता काही सिद्ध होणार नाही." आत्या म्हणाली, "सिद्ध कुणाला करायचंय?"

सुट्टीत मी घरी गेले तेव्हा तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. खिडक्या, पातेलं, वाफ, चव, किती वाजता काय. "तुझ्या बाबांना मी मारलं असं मला वाटतं," ती म्हणाली. "डॉक्टर काही म्हणोत. तुला कळायला हवं, तू मुलगी आहेस."

मी विचारलं, "उकळायचं कुणी सांगितलं तुला?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिची नजर फार थोडा वेळ माझ्यावर राहिली. "कोण सांगणार? माझ्याच डोक्यातलं."

"मी फोनवर..."

"तू म्हणालीस, फेकून दे दगड. मीच शहाणपणा केला."

मी तसं म्हणाले नव्हते. तिलाही ते ठाऊक होतं. तीस वर्षं हजारो लोकांची नावं आणि हाडं लक्षात ठेवणारी बाई. मला एका वाक्यात तिला थांबवता आलं असतं. मी गप्प बसले. मी तिला जवळ घेतलं, रडले, आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला पुढे सहा वर्षं पुरलं.

आत्याची फुप्फुसं परत पहिल्यासारखी झाली नाहीत. इस्पितळाच्या तळघरातून वर येणाऱ्या बावीस पायऱ्या तिला चार वेळा थांबून चढाव्या लागत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना तिने नोकरी सोडली. आणि मग तिने एक उद्योग सुरू केला. आपल्या छातीची फिल्म काखेत मारून ती शहरातल्या माशांच्या दुकानांत जायची. मालकाला विचारायची, "ती तपकिरी बटणं आहेत तुमच्याकडे? आहेत ना? मग हे बघा." फिल्म दुकानातल्या ट्यूबलाइटला लावायची. "हे माझं. माझ्या भावाचं याहून वाईट होतं, तो गेला. गिऱ्हाइकाला सांगून विकत जा." दोघा-तिघांनी ऐकून घेतलं. एकाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाला, वेड लागलंय म्हातारीला, धंद्याची वेळ खोटी करते. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथे गेली. आमच्या मासेवाल्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहून काउंटरवर लावली. त्या दगडाचे पैसे त्याने घेतले नव्हतेच, त्यानंतर मिठाचेही घेईना, तेव्हा आत्या त्याच्यावर खेकसली, "पैसे घे. असं मीठ मला नकोय."

आणि मासा? तो ती सोडायला तयार नव्हती. मी किती वेळा म्हटलं, दे आता कुणाला. रोज तीच टाकी, तेच दगड, डोळ्यांसमोर कशाला? ती म्हणायची, "त्याने काय केलंय?"

बादल्या उचलेनाशा झाल्या तेव्हा मी बदली मागून घेतली आणि तिच्याजवळ राहायला आले. ती खुर्चीत बसून सांगायची, मी मीठ कालवायची. नळी उजेडाला धरली की ती दुरून म्हणायची, "हलू नकोस." कॉटची जागा मोकळीच ठेवली होती, तिथे आम्ही काहीही ठेवत नव्हतो.

तेराव्या वर्षी माशाच्या कपाळावर बारीक खड्डे पडायला लागले. तो रोग मोठ्या एंजलफिशना होतो. मासेवाला येऊन बघून गेला, चारा बदलला, औषध दिलं. खड्डे वाढत जाऊन डोळ्यांपर्यंत आले. निळा रंग राखेसारखा झाला. शेवटचे आठ-दहा दिवस त्याने खाणं सोडलं आणि खालच्या कोपऱ्यात कलून पडला. आत्याला तोवर घरातही ऑक्सिजन लागत होता. यंत्राची नळी पुरेल तिथपर्यंत खुर्ची ओढून ती काचेशी बसायची. एका शुक्रवारी मी शाळेतून आले तर ती म्हणाली, "गेला. सव्वादोनला. पंप बंद कर, उगीच चाललाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकी रिकामी केली. पाइप लावून पाणी बाथरूममध्ये सोडलं. धार बारीक होती, सगळी सकाळ गेली. मी जमिनीवर बसून पाइपचं टोक धरलं होतं, आत्या खुर्चीत. पाणी दगडांच्या खाली उतरलं. ते तीन दगड उघडे पडले, पांढरेफटक, त्यानंतर त्यांच्यावर कधी काही उगवलं नव्हतं.

मी म्हणाले, "आत्या, उकळायचं मीच सांगितलं होतं तुला."

तिने नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली.

"हो," ती म्हणाली.

"तू खोटं का बोललीस?"

"तू तिशीची होतीस. तुला पुढे जगायचं होतं." थोडा वेळ ती दम खात बसली. "आणि नुसतं तुझं कसं म्हणू? तू घाईत होतीस, मला तर दिवस मोकळा होता. खिडकी उघडायला किती वेळ लागतो?"

"सहा वर्षं मी..."

"माहीत आहे मला. रोज बघत होते तुझ्याकडे. वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल." मग एकदम, "अगं टोक धर नीट, पाणी हॉलमध्ये चाललंय."

आत्या त्यानंतर पाच महिने होती. त्या पाच महिन्यांत आम्ही त्या रविवारबद्दल पुष्कळ बोललो. दोनदा कडाक्याचं भांडलोही; एकदा मी ओरडले की खोटं बोलून तिने मला वाचवलं नाही, कोंडलं, आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच विषय काढला. बाबांबद्दलच्या बारीकसारीक गोष्टी सांगायला लागली, ज्या तिने आधी कधी सांगितल्या नव्हत्या. म्हणाली, त्या सकाळी त्यांनी चहाचा कप उजव्या हातात धरला होता. पहिल्यांदाच. तोंडाशी नेईतो निम्मा अंगावर सांडला, चादर भिजली, आणि ती त्यांच्यावर ओरडली, कारण पातेल्यातलं पाणी उकळत आलं होतं आणि तिला घाई होती.